सुरी हातात देऊ नये

नानांच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ जळगावची वेळ कधीच दाखवत नसे. ज्या देशाचा स्वयंपाक, त्या देशाची वेळ, असा त्यांचा कायदा होता. रविवारी सकाळी ते स्टुलावर चढून घड्याळ उतरवत, सदऱ्याच्या टोकाने काच पुसत, काटे फिरवत आणि परत खिळ्याला अडकवून म्हणत, "चला, आज पोर्तुगाल." मग त्या घरात पोर्तुगालची सकाळ व्हायची. दुपारचं जेवण आम्हाला दिवेलागणीला मिळायचं, कारण तिकडे तेव्हा कुठे दुपार झालेली असायची. पोटात कावळे कोकलत असले तरी घड्याळाशी हुज्जत घालायची सोय नव्हती. जपानच्या रविवारी मात्र सकाळच्या चहामागोमाग जेवण समोर यायचं, त्यामुळे मला जपान हा देश फार आवडायचा.

मी मूळची साक्रीकडची. आता बदली होऊन धुळ्याला आहे, पण नोकरीची पहिली वर्षं जळगावात माती तपासायच्या प्रयोगशाळेत गेली. तेव्हा या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली होती. घरात नाना आणि अक्का दोघंच, मुलगा पुण्याला. खोली दाखवताना अक्कांनी नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं, जिन्याखाली गाडी कुठे लावायची ते सांगितलं आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "रविवारी ते बलावतीन जेवाले. जायजो. पन आधी काहीतरी खाऊन जायजो."

नाना पूर्वी लग्नकार्यांतले आचारी होते. एका लग्नात त्यांच्या हातची वरण-बट्टी खाऊन कुठल्याशा प्रवासी कंपनीच्या माणसाने त्यांना जागेवरच उचललं, आणि पुढे आयुष्याची ऐन वर्षं ते परदेशी सहलींबरोबर स्वयंपाकी म्हणून हिंडले. आपली माणसं बर्फाचे डोंगर बघायला जातात खरी, पण संध्याकाळी ताटात वरण-भात नसला की त्यांना बर्फ गोड लागत नाही. तो वरण-भात नानांचा. गंमत म्हणजे इतक्या देशांत जाऊन त्यांनी एकही मनोरा, एकही राजवाडा धड पाहिलेला नव्हता. प्रवासी फिरायला गेले की नाना हॉटेलच्या तळघरात कांदे चिरत बसलेले. त्यांनी पाहिली ती मागची दारं, पहाटेचे भाजीबाजार आणि बायकांची स्वयंपाकघरं.

स्वयंपाकघरांपर्यंत ते पोचत कसे, हे मला बरेच दिवस कोडं होतं. एखाद्या दुपारी मोकळीक मिळाली की हॉटेलात भांडी घासणाऱ्या, नाहीतर खोल्या आवरणाऱ्या एखाद्या बाईला ते खुणेने विचारत, तुझ्या घरी काय शिजतं? बाई आधी घाबरे, मग हसे, आणि दहातली एखादी तरी घरी घेऊन जाई. भाषेचं काय करत होता, विचारलं तर म्हणाले, समोरच्या बाईबरोबर कांदा सोलायला बसलं की भाषा लागत नाही. गावांची नावं त्यांना आठवत नसत. इटली म्हणजे खिडकीत लाल फुलांचे डबे होते ते घर. व्हिएतनाम म्हणजे पायाशी बदकं फिरत होती ते घर. मी एकदा हौसेने जगाचा नकाशा आणून ओट्यावर पसरला. नानांनी चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला आणि यात चुली कुठे दाखवल्या आहेत, असं मला अगदी मनापासून विचारलं.

त्या घरांमधून ते सुऱ्या आणत. दुकानातली नवी सुरी त्यांनी जन्मात घेतली नाही. बाईच्या हातातली, वापरून वापरून पातं झिजलेली जुनी सुरी ते मागत आणि बदल्यात आपल्या पेटीतून नेलेली विळी देत. गावच्या लोहाराकडून चांगल्या पोलादाच्या विळ्या करून घेऊन ते प्रत्येक सहलीला निघत. इटलीतल्या म्हातारीने ती विळी देवाच्या तसबिरीखाली भिंतीवर टांगली म्हणे. खाली बसून चिरायचं असतं, हे समजावायला नाना तिच्या फरशीवर मांडी घालून बसले, तर तिला वाटलं पाहुण्याला चक्कर आली, आणि ती पाणी घेऊन धावली.

जळगावच्या घरी या सगळ्या सुऱ्या ओट्यावरच्या लाकडी पट्टीत ओळीने अडकवलेल्या असत. जपानची पातळ आणि लांब, तिने नाना भाजीची गिलकी इतकी तलम चिरत की चकती उचलली तर पलीकडची खिडकी दिसे. इटलीची अर्धचंद्रासारखी, दोन मुठींची, पाळण्यासारखी झुलवत कोथिंबीर बारीक करायची. व्हिएतनामची रुंद, जड, केळीचा गाभा सोलायला. शनिवारी ते सगळ्या सुऱ्या दगडावर पाण्याने लावत बसत. वर खोलीत मी आडवी झालेली असे, आणि खालून तो आवाज येई, सावकाश, एका लयीत, जणू दूर कुठे कोणी वल्ही मारतंय. जळगावात नाव कुठली आणि पाणी कुठलं, पण मला तेव्हा झोप फार छान लागायची.

मे महिन्यातल्या रविवारांची तर गोष्टच वेगळी. दुपारी बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसे. खिडक्यांना ओले पडदे, कूलर जोरात लावलेला, आणि नाना डोक्यात माकडटोपी घालून कुठल्याशा थंड देशाचं सूप ढवळत उभे. थंड देशाचं अन्न थंडीतच शिजतं, असं त्यांचं म्हणणं. मलाही शाल पांघरायला लावत. वाफ, पडद्यांमधून गाळून आलेला हिरवट उजेड, लसणीचा आणि कुठल्यातरी अनोळखी पाल्याचा वास, नानांचं हळू आवाजातलं बोलणं, यात माझा डोळा लागे. जाग आली की आपण कुठे आहोत ते क्षणभर कळत नसे. आणि खरं सांगते, ते कळू नये असंच वाटे.

साहित्य मात्र सगळं इथलंच. ऑलिव्हच्या तेलाऐवजी घाण्याचं शेंगदाणा तेल, पोर्तुगालच्या पालेभाजीऐवजी पोकळा. व्हिएतनामच्या कोशिंबिरीला लागणारी केळफुलं अक्कांच्या माहेरून, सावद्याहून येत. इटलीतल्या एका आजीने पीठ लाटून, त्याचे सुरीने शंकरपाळे कापून हरभऱ्याच्या पाण्यात उकळले, तेव्हा नाना तिच्या चुलीपाशी उभे राहून म्हणाले होते, अहो, या तर आमच्या वरणातल्या चिकोल्या. आजीला काय कळलं देव जाणे, पण तिने त्यांना दुसऱ्यांदा वाढलं. माझी आई साक्रीहून फोनवर रोज विचारायची, आज काय खाल्लंस. मी देश सांगायची. तिचा सल्ला ठरलेला, "तुना घरमालक करस ते बठ्ठं खाय, पन पोट सांभाळ."

खायची ती मीच. कारण अक्का खात नसत. एक घाससुद्धा नाही.

आणि नानांचा सारा खटाटोप तर त्या एका घासासाठी होता. हे समजायला मला वर्ष गेलं, कारण मी आपली फुकटच्या जेवणावर खूश होते. घड्याळ फिरवणं, माकडटोपी, ओले पडदे, हे चक्रमपणाचे प्रकार आहेत असं गल्लीतल्या सगळ्यांसारखं मलाही वाटे. मग एकदा लक्षात आलं, की जेवण तयार झालं की नाना पहिली ताटली अक्कांसाठी वाढतात आणि काही न बोलता त्यांच्या पुढ्यात ठेवतात. अक्का ती तितक्याच शांतपणे बाजूला सरकवतात आणि म्हणतात, "माही भाकर झाकेल हाये." मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेल-मिरची, आणि जेवण उरकून त्या मोकळ्या. ती ताटली नाना नंतर उभ्याउभ्या संपवत. पुढच्या रविवारी नवा देश, नवी ताटली. आपल्याच बायकोला इतकी वर्षं कोणी असं मनवत असेल, हे मी तरी कुठे पाहिलं नव्हतं.

अक्का स्वभावाने गोड होत्या. मला तापात त्यांनी आईसारखं सांभाळलं. पण स्वयंपाकघरात त्यांचं आणि नानांचं राज्य वेगळं होतं. ओटा नानांचा, जमीन अक्कांची. अक्का पाटावर बसून विळीवर चिरत आणि त्या पट्टीतल्या सुऱ्यांना त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. एक नियम मात्र दोघंही कडक पाळत. सुरी हातातून हातात द्यायची नाही. खाली ठेवायची, दुसऱ्याने तिथून उचलायची. हातात दिली की भांडण होतं, हे आमच्याकडे सगळेच मानतात. नाना तर इतके मानत, की त्यापायी ते परदेशातही फजिती करून बसले.

तो किस्सा ग्रीसचा. त्या सहलीत सगळी खानदेशी मंडळी होती आणि चार दिवसांत त्यांना भरिताची आठवण येऊ लागली. बाजारात काळीभोर वांगी बघून नानांचाही धीर सुटला. हॉटेलच्या न्हाणीघरात शेगडी लावून त्यांनी ती भाजायला घेतली. धूर झाला, भोंगे वाजले, सगळं हॉटेल रस्त्यावर आलं. एक गोरे आजोबा नुसत्या टॉवेलावर. घाबरली नाही ती फक्त आपली माणसं. त्यांनी वास ओळखला होता, आणि ती रस्त्यात उभी राहून भरिताबरोबरच्या पुऱ्यांना अजून किती वेळ आहे ते विचारत होती. मॅनेजर नानांना हातवारे करून रागावत असताना खोल्या आवरणारी एक बाई कोपऱ्यात पोट धरून हसत होती. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना घरी नेलं. वांगं भाजायचं तर असं भाज, म्हणून अंगणातल्या निखाऱ्यांवर भाजून दाखवलं, सुरीने उभं चिरलं, लसूण, लिंबू आणि तेल घातलं. नानांनी ते खाल्लं आणि आपलं माणूस भेटल्यासारखी ताटली पुन्हा पुढे केली.

निघताना त्यांनी तिची सुरी मागितली. तिने आनंदाने पुढे केली. नानांना तर हातातून घेणं शक्य नव्हतं. त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं, खाली ठेव. तिला वाटलं हा म्हणतोय फेकून दे. तिचा चेहरा उतरला, मग ती तावातावाने बरंच काही बोलली आणि दार दाखवायच्या बेतात आली. शेवटी नानांनी आपली विळी फरशीवर ठेवली, तीच उचलून कपाळाला लावली आणि पुन्हा ठेवून दाखवली. मग कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. तिने सुरी फरशीवर ठेवली, आणि नानांनी ती उचलली.

माझ्या तिथल्या शेवटच्या थंडीत सावद्याहून अक्कांच्या भावाने भरिताची वांगी पाठवली. नानांनी घड्याळ ग्रीसला लावलं आणि मागच्या अंगणात कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या पेटवल्या. थंडीची ती सुस्त दुपार, धूर सरळ वर जात होता. मी पायरीवर बसून होते, अक्का शेजारी पाटावर मेथी निवडत होत्या. नाना एका हाताने देठाला धरून वांगं चिरत होते, दुसऱ्या हातात ग्रीसची ती सुरी. इतक्यात आत गॅसवर ठेवलेलं तेल जळल्याचा वास आला. नानांनी वांगं परातीत टाकलं, सहलीवर मदतनिसाला म्हणत तसं "धर" म्हणत सुरी जवळच्या हातात दिली आणि दुखरे गुडघे सांभाळत आत गेले. तो हात अक्कांचा होता. आणि अक्कांनी सुरी धरली.

गॅस बंद करून नाना दारात आले, आणि अक्कांच्या हातातली सुरी पाहून थांबले. अक्काही तिच्याकडे पाहत होत्या. आपण काय केलं ते दोघांनाही एकदमच कळलं.

"आता भांडण होईल," नाना म्हणाले.

"होऊ द्या," अक्का म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नाही. हातात सुरी तशीच धरून, मेथीच्या जुडीकडे बघत त्या बोलल्या. "तुमी साऱ्या जगाले जेवू घातलं. मी इथं एकटी जेवली. दिवाळीले एकटी, आखाजीले एकटी. सारे लोक सुट्टीत फिराले जात आन तुमी त्याहीच्या मागं जात. मी कधी काही म्हटलं नाही. आता घड्याळ फिरवलं म्हनून काय देश घरात येते?"

नाना पायरीवर बसले. कंपनी बायकोचं तिकीट देत नव्हती, हे त्यांनी सांगितलं. ते अक्कांना माहीत होतं. आता नेलं असतं, पण आपले गुडघे घराबाहेर फार चालू देत नाहीत, डॉक्टरने लांबचा प्रवास बंद केलाय. तेही त्यांना माहीत होतं. तू इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला त्यांचा राग आला. तिने बोलायचं कोणाशी? माणूस घरात कुठे होता? मी उठून वर जायला हवं होतं, पण मी तिथेच बसून राहिले.

"मंग मी काय करू, सांग तू," नाना म्हणाले. बोलता बोलता त्यांची सहलीवरची शुद्ध भाषा गळून गेली होती.

"ज्या बाईच्या हातचं हाये, तिच्या घरी बसून खाईन. नाही त माही भाकर बरी."

"मले लांब चालता येत नाही."

"तुमाले कोन म्हने चाला? मी जाईन. पासपोर्ट काढा माहा."

अक्कांनी सुरी फरशीवर ठेवली, मेथी उचलली आणि आत जाऊन आपली भाकरी खाल्ली. नाना जेवले नाहीत. त्या दिवसाचं सगळं भरीत मी एकटीने संपवलं, कारण कोणीतरी संपवायला हवं होतं.

गल्लीतल्या भिशीच्या बायकांचं सहलीला कुठे कुठे जायचं अधूनमधून चालतच असे. अक्का त्यांच्यात शिरल्या आणि बघता बघता बेत ग्रीसवर आणून ठेवला. माहेरच्या केळीच्या बागेतला वाटा त्यांच्या नावे होता, त्यामुळे कोणापुढे हात पसरावा लागला नाही. पासपोर्टसाठी फोटो काढताना फोटोवाल्याने हसू नका सांगितलं, तर म्हणाल्या, मी कुठं हसून राह्यली. नाना त्यांच्या मागे मागे फिरत सूचना करत, पायमोजे घे, पाणी पीत राहा, त्या बाईचं दार निळं होतं, एक दात सोन्याचा होता. गावाचं नाव? ते आठवत नव्हतं. अक्का पेटी भरत राहिल्या. स्टेशनवर पोचवायला मीच गेले. सगळ्या बायका फोटो काढत होत्या, आणि अक्का एकट्या, पदर घट्ट खोवून, गाडी येणार त्या दिशेला बघत उभ्या होत्या.

त्या गेल्या आणि घरातलं घड्याळ ग्रीसच्या वेळेवरच राहिलं. तो रविवार आला नि गेला, नानांनी ओट्याला हात लावला नाही. मी भाकऱ्या थापत होते, माझ्या भाकरीच्या कडा जाड राहतात, पण नाना तक्रार न करता अर्धी खाऊन उठत. दिवसभर फोन पुढ्यात घेऊन बसत. भिशीतल्या बायका ख्यालीखुशाली कळवत होत्या. अक्का चर्चच्या पायऱ्या चढल्या, अक्का बोटीत बसल्या, अक्कांना समुद्र आवडला. जेवणाचं विचारलं तर कळलं की सहलीच्या स्वयंपाक्याच्या हातचा वरण-भात असतो, त्यातला दोन घास खाऊन त्या उठतात. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "तिथे जाऊनही उपाशीच." आपण तिला जायला निमित्त झालो, आता ती परक्या मुलखात रिकाम्या पोटी फिरतेय, याचा त्यांनी घोर लावून घेतला होता.

मग एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. नानांना तो घ्यायचं बटण सापडेना, म्हणून फोन मी धरला. आधी फक्त पांढरी भिंत दिसली, मग कोणाच्या तरी अंगणातली द्राक्षाची वेल, मग एक ठेंगणी, काळ्या कपड्यांतली म्हातारी. दार निळं नव्हतं आणि दातही सोन्याचा नव्हता. ती नानांची बाई नव्हतीच. हॉटेलातल्या खोल्या आवरायला येणारीची ही आई, एवढं फोन धरणाऱ्या भिशीच्या बाईने सांगितलं. अक्कांनी त्या मुलीला खुणेने विचारलं होतं, तुझ्या घरी काय शिजतं?

अक्का लाकडी बाकावर बसल्या होत्या. पुढ्यात पाव आणि ताटलीत भाजलेलं वांगं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. पावाचा तुकडा मोडला, वांग्याला लावला आणि तोंडात घातला. अक्का सावकाश चावत होत्या, आणि समोरची म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, अगदी नाना बघत होते तशीच. मी फोन हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरून ठेवलं.

"मीठ?" नानांनी विचारलं. त्यांना एवढंच सुचलं.

"कमी हाये," अक्का म्हणाल्या. "मिरची त नाहीच." आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा घ्यायला हात नेला आणि मधेच थांबल्या. आता त्या सरळ नानांकडे बघत होत्या.

"तुमी जेवले?"

नानांनी मान हलवली. नाही.

"मंग घ्या वाढून. मी थांबते."

त्यांनी पावाचा तुकडा ताटलीत परत ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसल्या. म्हातारीने काहीतरी विचारलं, अक्कांनी तिला हातानेच सांगितलं, जरा धीर धर. मी वाढायला उठत होते, तर नानांनी मला खांद्याला धरून बसवलं. भिंतीचा आधार घेत ते स्वयंपाकघरात गेले. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग ताटाचा. खूप वेळ लागला त्यांना. तिकडे द्राक्षाच्या वेलीखाली अक्का कंटाळल्या नाहीत.

नाना ताट घेऊन आले आणि ते दुखरे गुडघे दुमडून फोनसमोर जमिनीवर बसले. माझी जाड कडांची भाकरी, तेल-मिरची आणि कांदा.

"घेतलं," ते म्हणाले.

"चला मंग," अक्का म्हणाल्या.

आणि दोघांनी घास घेतला.